खारट रांगेचे लाड

काचघरात टोमॅटोच्या दोन रांगा होत्या. प्रयोगासाठी एकीला साधं पाणी, दुसरीला मिठाचं. पाणी घालायचं काम माळीकाकांचं. आणि नेमकं हे काम या माणसाच्या वाट्याला यावं! पायाखाली मुंगी आली तरी ज्याला जेवण जात नाही, तो रोज तीस कोवळ्या रोपांना मीठ पाजणार?

त्यात ब्लडप्रेशरमुळे काकूंनी घरी त्यांचं मीठ बंद केलेलं. तरी प्रेशर उतरेना, डॉक्टर चक्रावलेले. "मला चिमूटभर नाही, आणि तुम्हाला बादलीभर!" काका रोपांना म्हणायचे. चौथ्या दिवशी पानं मलूल झाली आणि काकांना ते बघवेना. तेव्हापासून सगळे जेवायला गेले की ते खारट रांगेवर गुपचूप गोडं पाणी ओतायचे, मीठ कुंडीच्या बुडातून धुऊन जाईपर्यंत.

महिन्याने संशोधक मॅडम नाचतच आल्या. खारं पाणी मिळालं की रोपं तग धरायला अंगात प्रोलीन नावाचं द्रव्य साठवतात. चाचणीत त्याचा लाल रंग येतो. इथे नळ्या फिकट, आणि रोपं टवटवीत!

"काका, ही जातच वेगळी! मिठाचं हिला काही वाटतच नाही. उद्या सभेत सांगणार मी. पाच वर्षांच्या कष्टांचं चीज झालं!"

काकांची पाचावर धारण बसली. बोलावं तर नोकरी जाते, न बोलावं तर भर सभेत पोरीचं हसं होतं. शेवटी टोपी काढून ते म्हणाले, "मॅडम, जात-बित काही नाही. मी आहे."

मॅडम रडल्या, ओरडल्या, मग म्हणाल्या, "पुन्हा पहिल्यापासून. पाणी तुम्हीच घालायचं, आणि डबा माझ्यासमोर खायचा."

या वेळी काकांनी रोपांची माफी मागत मागत मीठ पाजलं. पानांनी माना टाकल्या, तसा त्यांच्या घशाखाली घास उतरेना. पण रोपं सावरली, आणि चाचणीत नळी लालभडक झाली. "शाब्बास रे पठ्ठ्यांनो! अंगात एवढी धमक, आणि मी लेकाचा तांब्या घेऊन फिरत होतो!"

घरी जाऊन त्यांनी काकूंना सगळं रंगवून सांगितलं. वाढता वाढता काकूंचा हात थांबला.

"अहो, रागावू नका. तुमचं ते अळणी तोंड बघवत नव्हतं हो मला. भाजीत रोज थोडं घालत होते मी."