विहिणीच्या वाट्याचा शब्द

ग्रासिएला टेक्सासच्या सीमेवरच्या लारेडो गावी कोर्टात दुभाषी होती. तिथे निम्मी माणसं स्पॅनिश बोलणारी, कामकाज सगळं इंग्रजीत, आणि मध्ये ही. साक्षीदार म्हणाला, 'मी त्याला ढकललं,' की हिनेही 'मी त्याला ढकललं' असंच म्हणायचं. 'तो म्हणतो' असं जोडायचं नाही. आणि बोलणाऱ्यांनी एकमेकांकडे बघायचं, दुभाष्याकडे नाही. सगळी नोकरी तिने अशी दुसऱ्यांचं 'मी' बोलण्यात काढली. कधी चोर झाली, कधी नवऱ्याने टाकलेली बाई झाली, आणि घरी येऊन मुकाट्याने कांदा चिरायला बसली.

निवृत्त झाल्यावर तेच काम घरात गळ्यात पडलं. मुलगा एफ्राइन मिनेसोटात. त्याची मुलगी डॅनिका तिथेच वाढलेली, इंग्रजीशिवाय तिला काही येत नव्हतं. एफ्राइनची सासू तोमासा नवरा गेल्यावर नदीपलीकडच्या, मेक्सिकोतल्या खेड्यातून इथे दोन गल्ल्यांवर राहायला आली होती, आणि तिला स्पॅनिशशिवाय काही येत नव्हतं. नातीचं आणि या आजीचं बोलणं व्हायचं ते ग्रासिएलाच्या तोंडून.

भाषा माझी आणि पोरगी तिची, हे ग्रासिएलाला गिळवत नव्हतं. डॅनिकाच्या मैत्रिणींची नावं तिला पाठ होती. पण सुट्टीत आली की ग्रासिएलाच्या घरी पोरगी फोनमध्ये डोकं घालून बसायची, आणि तोमासाकडे पाऊल टाकलं की बाह्या सरसावून ओट्याशी.

यंदाच्या नाताळात सगळी इथे आली, आणि डॅनिकाला आज्यांकडे ठेवून एफ्राइन बायकोला घेऊन सान अँटोनियोला लग्नाला गेला. जाताना सांगून गेला, "उन्हाळ्याची सुट्टी डॅनिका इथेच काढेल. कुणाकडे राहायचं ते तिचं तिला ठरवू दे." ग्रासिएलाने त्याच दिवशी मागची खोली रिकामी करून पिवळे पडदे लावले.

दुसऱ्या दिवशी तोमासाकडे तामालेसचा घाट होता. भिजवलेल्या मक्याच्या पानांवर चमच्याच्या पाठीने पीठ फासायचं, तिखट मटण भरायचं, पुड्या वळायच्या. तोमासाने डॅनिकाचा हात आपल्या हातात धरून पीठ कसं पसरायचं ते दाखवलं. त्याला दुभाषी लागलाच नाही.

"विहीणबाई, तुमची पानं फार जाड होतायत," तोमासा म्हणाली. "पीठ काय भिंतीला लिंपताय?"

"आमच्याकडे खाणाऱ्याला पोटभर मिळावं अशी रीत आहे, तोमासाबाई."

तोमासा खुदकन हसली. ग्रासिएलाला ते हसूही टोचलं.

तेवढ्यात डॅनिकाने हात पुसले आणि भरभर इंग्रजीत बोलली, "आजी, तिला सांग ना. मला उन्हाळ्यात इथे राहायचंय, तिच्याजवळ. आय लव्ह हर." बोलून ती लाल झाली आणि तोमासाकडे बघत राहिली.

इंग्रजीत एकच शब्द. बुटांना तोच, आइस्क्रीमला तोच, आईला तोच. स्पॅनिशमध्ये मात्र निवडावं लागतं. खाणंपिणं आवडलं तर 'गुस्ता', माणसावर माया असेल तर 'किएरो', आणि जीवच जडला असेल तर 'आमो'. पोरीच्या चेहऱ्याकडे बघून कुणालाही कळलं असतं कुठला ते. ग्रासिएलाला तर पहिल्या क्षणीच कळलं, आणि डोळ्यांसमोर पिवळे पडदे आले.

"ती म्हणते," ग्रासिएला म्हणाली, "तिला तुमचे तामालेस आवडतात." तिने 'गुस्ता' वापरला. उन्हाळ्याचा विषय काढलाच नाही.

तोमासाचं तोंड क्षणभर उतरलं, मग तिने पातेल्याकडे हात केला. "सांगा तिला, जाताना डबा भरून देईन."

"ती तुला डबा भरून देणार आहे," ग्रासिएलाने नातीला सांगितलं. हे भाषांतर मात्र तंतोतंत होतं.

डॅनिका थांबली. "बस? एवढंच म्हणाली?"

"एवढंच."

पोरीने चमचा खाली ठेवला. तोमासाच्या शेजारची खुर्ची सोडून ती आपणहून ग्रासिएलाजवळ येऊन बसली. कितीतरी दिवस ग्रासिएलाला हेच हवं होतं. डॅनिकाने हळू आवाजात विचारलं, "मी तुझ्याकडे राहू? तुला तरी चालेल ना?"

त्या 'तरी'ने ग्रासिएलाच्या हातातलं पान फाटलं.

पलीकडून तोमासा पीठ फासता फासता म्हणाली, "विहीणबाई, पोरीचं काही बिनसलं का? मगाशी ती लव्ह म्हणाली ना? तेवढा शब्द मला कळतो, बाजारातल्या बनियनांवर असतो. पण ही माणसं चपलेलाही तेच म्हणतात. म्हटलं, आपण उगाच हुरळायला नको. त्यातला कुठला ते कोर्टातल्या बाई सांगतील."

ग्रासिएलाने हात धुतले. सावकाश पुसले. मग दोघींच्या मध्ये, कोर्टात उभी राहायची तशी, उभी राहिली.

"तोमासाबाई, माझ्याकडे नका बघू. तिच्याकडे बघा," ती म्हणाली, आणि नातीलाही तेच सांगितलं. मग कोरड्या, सरळ आवाजात बोलली, "मला उन्हाळ्यात इथे राहायचंय, तुमच्याजवळ. माझा तुमच्यावर जीव आहे." 'आमो' म्हणाली. 'ती म्हणते' नाही.

तोमासाने पिठाचे हात तसेच तोंडावर घेतले. मग जे बोलली ते ग्रासिएलाला इंग्रजीत करावं लागलं, तेही 'मी' म्हणूनच. "माझं सोनं, तू आल्यापासून मला या गावात सकाळी उठावंसं वाटतं." असं वाक्य ग्रासिएलाने नातीशी आजवर उच्चारलं नव्हतं. आज तिच्याच तोंडून ते निघालं आणि पोरगी बघत होती तोमासाकडे.

डॅनिका उठून तोमासाच्या कुशीत शिरली. ग्रासिएलाने चमचा उचलला आणि पीठ फासायला घेतलं.

"मग पहिल्यांदा असं का नाही सांगितलंत?" तोमासाने पोरीच्या डोक्यावरून विचारलं.

"तो शब्द द्यायचा नव्हता तुम्हाला," ग्रासिएला म्हणाली.

तोमासाने पोरीच्या केसांना लागलेलं पीठ पुसलं. "उन्हाळाभर आम्ही दोघी काय खुणा करत बसणार? तुम्हालाही यावं लागेल राहायला, विहीणबाई."

"मला माझं घर आहे."

"बरं."

पुड्यांचा थर पातेल्यात लागत गेला. ग्रासिएलाची पानं अजून जाडच होती.

"रस्त्याकडची खोली मला," शेवटी ती म्हणाली. "आणि पडदे मी माझे आणीन. नवे आहेत."