सव्वादोन मीटर कापड

मेघाश्रीने संध्याकाळी फोनवर "सरी, आई" (कानडीत 'बरं') एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. एरवी ती वाद घालते. आज तिने माझं ऐकलं की काय, ही धास्ती काही केल्या जात नाही.

मेघाश्री माझी मुलगी, सव्वीस वर्षांची. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हेब्बाळच्या पलीकडे एका संस्थेत कॉम्प्युटर सायन्समध्ये पीएच.डी. करते, पण कॉम्प्युटरला तिचा हात क्वचितच लागतो. कागद, पेन्सिल आणि फळा. एखादं काम कितीही हुशारीने केलं तरी अमुक इतक्या पायऱ्यांच्या आत होणारच नाही, हे ती सिद्ध करते. मी बी.एस्सी. झालेली, तरी हे पचायला मला वेळ लागला. होत नाही एवढं दाखवायला पाच वर्षं?

खरं तर हा विषय तिने जे. पी. नगरातल्या आमच्या शिंपीकामाच्या दुकानातच धरला. माझे यजमान टेबलावर कापड पसरून शर्टाचे कागदी साचे त्यावर फिरवून फिरवून बसवायचे. आठ वर्षांची मेघाश्री शेजारी उभी.

"अप्पा, याहून कमी कापडात नाही बसणार?"

"नाही गं. सव्वादोन मीटर लागतंच."

"कशावरून?"

"तीस वर्षं बेततोय मी. कशावरून म्हणे."

"म्हणजे तुम्हाला जमलं नाही. कुणालाच जमणार नाही, असं कुठे झालं?"

यांनी खडू कानामागे खोचला आणि साचे तिच्यापुढे सरकवले. "घे बाई, स्वल्प तूच बसव."

दोन दिवस ती टेबलावरून उतरली नाही. शेवटी शर्ट दोन मीटरांत बसवलाच. पण एक बाही कापडाच्या धाग्याला आडवी गेली होती. "धुतल्यावर पीळ पडेल," हे म्हणाले. तिने स्वतःच कापडावरच्या खडूच्या रेघा पुसल्या.

गेल्या महिन्यात तिचा शोधनिबंध परदेशातल्या एका परिषदेने स्वीकारला. मी सगळ्या गल्लीत पेढे वाटले. आणि आज तिचा फोन: सातव्या पानावरच्या सिद्धतेतली एक पायरी चुकली आहे. तपासणाऱ्यांना दिसली नाही, गाइडलाही नाही. तिची तिलाच सापडली. सांगितलं तर निबंध मागे घ्यावा लागेल, वर्ष जाईल. उद्या सकाळी शेवटची प्रत पाठवायची आहे. मी म्हणाले, "कुणाला दिसलं नाही ना? मग तू कशाला दाखवतेस?" त्यावर ते 'सरी'.

असंच मी एकदा यांनाही सुचवलं होतं. सुब्बाराव नावाच्या गिऱ्हाइकाच्या कोटाचं कापड यांच्या हातून दीड इंच आखूड कापलं गेलं. आतून जोड दिला असता तर कुणाला कळलं नसतं. यांनी कापडाची घडी केली, मेघाश्रीला स्कूटरवर पुढे उभं केलं आणि सुब्बारावांचं घर गाठलं. लेकीसमोर बोलणी खाल्ली, नवीन कापड आणून दिलं. परत आल्यावर मी चिडले, तर म्हणाले, "ते रोज दुकानासमोरून जातात. मी किती दिवस दुसरीकडे बघू?"

हे जाऊन चार वर्षं झाली. दुकानात आता मोबाइल विकतात. बेतायचं टेबल तेवढं मी घरी आणलं. त्यावरच हे लिहिते आहे. कडेला खडूची एक रेघ अजून आहे.

रात्रीचे साडेबारा झालेत. ती जागीच असेल. संध्याकाळी मी सांगितलं ते करू नकोस, एवढंच तिला सांगायचं आहे. सकाळपर्यंत थांबले तर उशीर होईल. आत्ताच फोन लावते.