वर्गात सांगितलेले नवग्रह

काल वास्तुशांतीत नवग्रहांच्या सुपाऱ्यांवरच्या चंदनाचा वास आला आणि घाटकोपरच्या कॉलेजचं पहिलं वर्ष आठवलं.

सरांनी सूर्यमालेतले नऊ ग्रह विचारले. बाबा रोज देवापुढे म्हणायचे ती नावं मी उत्साहाने म्हटली, "रवी, सोम, मंगळ..." थेट राहू-केतूपर्यंत.

"पूजा सांगायला आलीस काय गं?" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला.

सरही हसू दाबत म्हणाले, "अगं, सूर्य तारा आहे. आणि आपली पृथ्वी कुठे ठेवलीस?"

माझे कान तापले.

संध्याकाळी गिरणीतून आलेल्या बाबांनी विचारलं, "आज काय शिकवल्यानी गो?"

"नऊ ग्रह."

"ते तर मियाच शिकवलंय तुका!" म्हणत ते कौतुकाने आईकडे वळले.

तेव्हा मला त्यांची लाज वाटली. आता त्या वाटण्याचीच लाज वाटते.