तिसऱ्या रांगेतली कुजबुज

नाटक मध्येच थांबवून प्रेक्षकांना झापायची आपल्याकडे आता पद्धतच पडली आहे. कुणाचा तरी मोबाइल वाजतो, नट संवाद सोडून पुढे येतो, दोन खडे बोल सुनावतो आणि अख्खं सभागृह टाळ्या वाजवतं. अशा टाळ्या मीही वाजवल्या आहेत. मग एकदा त्या माझ्यावर वाजल्या.

मला दिसत नाही. कॉलेजात होते तोवर दिसायचं, तेव्हा मी नाटकात कामंही केली होती. पुढे नजर विरत गेली आणि तिशी ओलांडेपर्यंत सगळं संपलं. बँकेत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली, ती अजून चालू आहे. नाटकाचं वेड काही गेलं नाही. नवऱ्याला नाटकात झोप लागते, तीही घोरण्यासकट, म्हणून त्याला नेणं मीच बंद केलं. मग माझ्या मोठ्या नणंदबाई, यजमान गेल्यावर, गावचं घर बंद करून आमच्याकडे मनीषनगरला राहायला आल्या आणि माझं नाटक पुन्हा सुरू झालं.

ताईंनी तोवर थिएटर आतून पाहिलेलं नव्हतं. शाळा चौथीपर्यंत. पहिल्याच नाटकात स्टेजवर खून झाला, तेव्हा त्या माझ्या कानाशी नायिकेच्या साडीबद्दल सांगत होत्या. "पैठणी नाही वं ते, नकली हाय. काठ पाय नं कसे चमकून राह्यले." मी विचारलं, आत्ता धप्पकन काय पडलं? "तो पडला नं. मेला वाट्टे."

हसून हसून माझी पुरेवाट झाली, पण घरी आल्यावर मी त्यांना बजावलं. रंग नकोत, हात सांगा. कोण कुणाकडे बघतंय ते सांगा. आणि दोन संवादांच्या मधल्या फटीत सांगा, संवादावर नाही. ताईंनी ते मनावर घेतलं. दोनेक वर्षांत त्या अशा तयार झाल्या की कुठे किती बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे मला सांगावंच लागेना. एका नाटकात बराच वेळ कुणीच बोलत नव्हतं. ताई एवढंच म्हणाल्या, "चप्पल घातली तिनं. मांगं पाह्यलं नाही." मी ढसाढसा रडले. आजूबाजूचे डोळस लोकही रडत होते आणि मी त्यांच्याच वेळेला रडले, याचा मला फार अभिमान वाटला.

ताईंची कुजबुज म्हणजे वावरात आयुष्य काढलेल्या बाईची कुजबुज. ती पुढच्या-मागच्या दोन रांगांना तरी पोचायची, हे मी कबूल करते.

त्या दिवशी इथल्याच एका हौशी संस्थेचं नाटक होतं. संस्थेचा सर्वेसर्वा स्वतःच नायक, निवृत्त न्यायाधीशाच्या भूमिकेत. माणूस इथल्याच सक्करदऱ्याचा, पण स्टेजवर चढला की त्याची भाषा थेट पुण्याला पोचते. पहिला अंक अर्धा झाला आणि तो बोलता बोलता थांबला. पावलं पुढे आली. "तिसऱ्या रांगेत कोण बोलतंय?"

ताई उभ्या राहिल्या. शाळेत मास्तरांनी नाव घेतल्यावर उभं राहावं तशा. "मी बोलून राह्यली, दादा. हिले दिसत नाही, म्हणून सांगून राह्यली."

मला वाटलं, आता हा ओशाळेल. तो म्हणाला, "बाई, नाटक ही बघायची गोष्ट आहे. दिसत नसेल तर घरी रेडिओ ऐकावा. बाकीच्यांनी तिकीट काढलंय."

आमची दोन्ही तिकिटं ताईंच्या मुठीत होती. टाळ्या सुरू झाल्या. थोड्याथोडक्या नाही, भरघोस. आम्ही रांगेतून सरकत बाहेर निघालो, माझी काठी लोकांच्या पायांना लागत होती आणि टाळ्या चालूच होत्या. दारापाशी पोचलो तेव्हा मागे त्याचा संवाद जिथे सुटला होता तिथूनच पुढे सुरू झाला.

ऑटोत ताई म्हणाल्या, "माह्यामुळं तुही फजिती झाली." त्यानंतर त्या गप्प झाल्या. नुसत्या नाटकापुरत्या नाहीत. संध्याकाळची मालिका लागायची, पण कोण कुणाला बघून तोंड वेंगाडतंय हे कळायचं बंद झालं. बेसा रोडनं जाताना त्या मला दुकानांच्या पाट्या वाचून दाखवायच्या, 'आता इथं बी मोमो आले वं' म्हणून हसायच्या, तेही संपलं. विचारलं तर विचारल्यापुरतं सांगत. आपण बोललो की हिचा अपमान होतो, हे त्यांच्या मनात पक्कं बसलं होतं. मी समजावलं, रागावले, एकदा तर हात जोडले. काही उपयोग झाला नाही. डोळे एकदा गेले तेव्हा मी कुणावर चिडणार होते? या वेळी मात्र कोणावर चिडायचं ते मला नीट ठाऊक होतं.

आणि मी चिडले. भांडी घासताना, स्विचबोर्डवर बसल्या बसल्या, देवापुढे हात जोडतानासुद्धा मी त्या माणसाचं वाटोळं चिंतलं. त्याचा घसा बसावा, त्याच्या नाटकाला कुत्रं फिरकू नये. याची मला लाज वाटत नाही.

आधी मी सरळ मार्गानं गेले. त्याच्या संस्थेला पत्र लिहवून घेतलं. शेवटच्या रांगेतल्या चार खुर्च्या न दिसणाऱ्यांसाठी ठेवा, तिथे सोबतच्या माणसाला हळू आवाजात सांगू द्या, नाहीतर कानात घालायच्या यंत्रातून कुणी दृश्य सांगेल अशी सोय करा. दोन ओळींचं उत्तर आलं. आपली सूचना स्वागतार्ह असून योग्य वेळी तिचा विचार करण्यात येईल.

मग मी एकटीच त्याचं तेच नाटक ऐकायला गेले, दोनदा. का गेले? दुखऱ्या दाताकडे जीभ जाते तसं. एकटीनं नाटक ऐकणं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. पात्रं बोलायची थांबली की माझ्यासाठी लाइट गेल्यासारखं होई. लोक हसत, मी का हसायचं ते ठाऊक नसे. पण अशाच एका रिकाम्या जागी मला दुसराच आवाज ऐकू आला. डावीकडून, बाजूच्या पडद्याआडून, विंगेतून. न्यायाधीशाचं प्रत्येक वाक्य आधी तिथून येत होतं आणि मग स्टेजवरून. प्रॉम्प्टर! हातात वही धरून नटाला शब्द पुरवणारा माणूस. अडखळल्यावर एखादा शब्द द्यावा तसं नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड. नायकाचं पाठांतर शून्य होतं. ताईंना गप्प करणारा हा इसम स्वतः कुजबुजीवर जगत होता. त्या दिवशी मी बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवले.

संधी त्यानंच दिली. संस्थेचा वर्धापनदिन आला आणि त्यांनी विषय घेतला, 'कला सर्वांसाठी'. बँकेत निमंत्रण आलं. दिव्यांग बांधवांसाठी पहिली रांग राखीव, एका सोबत्यासह. मी बांधव कधी झाले कोण जाणे. जिला दिसत नाही तिला पहिली रांग आणि व्हीलचेअरवाले दोघे मागे दारापाशी, कारण पुढे यायला पायऱ्या. प्रयोग त्याच नाटकाचा.

"मी नाही येत वं तिथं," ताई म्हणाल्या.

"बोलू नका. नुसता हात धरा," मी म्हटलं. ताई आल्या, ओठ गच्च मिटून. मी काय करणार आहे ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर त्यांनी मला घराबाहेर पडू दिलं नसतं.

प्रयोगाआधी त्यानं भाषण केलं. मग खाली उतरून आमच्या रांगेतून फिरला, प्रत्येकाला गुलाबाचं फूल देत. माझा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाला, "ताई, आपण आलात, हे आमचं भाग्य." कॅमेरे वाजले. त्यानं मला ओळखलं नाही. शेजारी बसलेल्या ताईंनाही नाही. खरं सांगते, त्यानं ओळखून नुसतं 'त्या दिवशी चुकलं' म्हटलं असतं, तर मी मुकाट्यानं बसून राहिले असते. कदाचित.

दुसऱ्या अंकात न्यायाधीशाचं मोठं स्वगत आहे. स्वतःच्याच मुलाविरुद्ध निकाल द्यायचा. मी त्याचीच वाट बघत होते. पहिल्या रांगेत विंगेतला आवाज इतका स्वच्छ येत होता की मीही निकाल देऊ शकले असते. चार वाक्यं झाली आणि मी उभी राहिले. एवढी वर्षं खराब लाइनीवरून लोकांना नंबर सांगितलेत, आवाज कसा पोचवायचा ते मला येतं.

"माफ करा, नाटक थांबवते. डाव्या विंगेत कोण बोलतंय? मला प्रत्येक वाक्य दोन-दोनदा ऐकू येतंय. त्यांना कृपया बाहेर पाठवा. बाकीच्यांनी तिकीट काढलंय."

ताई माझा हात धरून मला खाली ओढू लागल्या. मग मागे कुणीतरी फिसकन हसलं, मग दहा जण हसले आणि टाळ्या सुरू झाल्या. भरघोस. मी खाली बसले. मला फार बरं वाटत होतं.

डावीकडून वही फटकन मिटल्याचा आवाज आला. प्रॉम्प्टरला आणखी हळू बोलता आलं असतं. त्यानं वहीच मिटली. त्याचं स्वतःचं काय दुखणं होतं मला ठाऊक नाही, पण मी त्याला मनातल्या मनात नमस्कार केला.

"या न्यायालयासमोर," नायक म्हणाला. थांबला. "या न्यायालयासमोर..." पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा त्याला न्यायालयही सापडेना. मग विंगेच्या दिशेनं, दातओठ खात, पण मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं, "सांग नं बे! काहून चूप झाला?"

एवढी वर्षं जपलेली पुण्याची भाषा गेली, खाली अस्सल सक्करदरा निघाला. सभागृह फुटलंच. मीही मनसोक्त हसले.

मग लोक पुन्हा हसले, पहिल्यापेक्षा जोरात, आणि या वेळी त्याआधी काहीच आवाज झाला नव्हता. स्टेजवर काहीतरी दिसलं होतं. पुन्हा हसले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी केवढी मूर्ख आहे. इतके महिने मनात घोळवलेला सूड समोर घडत होता, तो शे-दोनशे लोक बघत होते, आणि एकट्या मला तो दिसत नव्हता.

"ताई, काय झालं?"

ताई गप्प.

"ताई, सांगा नं. माझ्यासाठी वाढलेलं ताट हे सगळे खाऊन राहिले."

ताईंनी हात सोडवून घेतला. मला वाटलं, संपलं, आता या उठून जातील. मग कानाशी त्यांचा श्वास आला.

"मिशी," त्या म्हणाल्या. "मिशी निघून राह्यली त्याची. एका बाजूनं. हातानं दाबून राह्यला... आता दुसरीकडून निघाली."

मागून कुणीतरी 'शूऽऽ' केलं. ताई थांबल्या नाहीत. उलट त्यांचा आवाज चढला, अगदी वावरात चढायचा तसा.

"कोट काढून राह्यला. घाम कसा गळून राह्यला वं, कॉलर भिजली पूरी. विंगेकडं पाह्यते, तिकडं कोनी नाही. लोकायकडं पाह्यते. आता खाली पाहून राह्यला." संवादाच्या फटीत बोलायला मी त्यांना शिकवलं होतं. आज सगळी फटच होती. त्या बोलत राहिल्या आणि माझ्यासमोर हळूहळू स्टेज उजळत गेलं, दिवाणखाना, खुर्ची, खुर्चीवर टाकलेला कोट, आणि मधोमध अर्ध्या मिशीचा तो.

मग ताई अडखळल्या. "सोड वं आता," त्या म्हणाल्या. "पानी आलं त्याच्या डोळ्यात. लेकरासारखा उभा हाय बिचारा."

सोडून द्यायची तीच वेळ होती. ताई बोलल्या होत्या, मला हवं ते मिळालं होतं.

"घाम असेल," मी म्हटलं. "नीट पाहून सांगा."

ताई पुढे वाकल्या. त्यांच्या खुर्चीची करकर मला ऐकू आली.

"घाम नाही वं. पानीच हाय."

"दोन्ही डोळ्यांत?"

ताईंनी पुन्हा एकदा निरखून पाहिलं. "दोन्ही," त्या म्हणाल्या.