सायीची वाटी

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी मेढ्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. भातखाचरात अनवाणी राबणारी माणसं, त्यांच्या तळपायातून तोंडात आकड्यांसारखे दात असलेले बारीक जंत आत शिरायचे आणि आतड्याला चिकटून रक्त प्यायचे. माझा धाकटा भाऊही पांढराफटक पडला होता. साताऱ्याच्या लष्करभरतीत डॉक्टरनं त्याच्या डोळ्याची पापणी ओढून पाहिली आणि सरळ घरी पाठवला. पुढच्या भरतीत तरी तो लागावा, एवढाच घरात ध्यास.

आमच्या डॉक्टरांनी त्याला टेट्राक्लोरोइथिलीनच्या कॅप्सुली दिल्या. लोकरीचे कोट ज्यानं ड्रायक्लीन करतात, तेच हे द्रव्य. आतड्यात राहिलं तर जंत मारतं. पण पोटात तूप-तेल असलं की त्यात विरघळून रक्तात जातं आणि माणसाच्याच डोक्यात चढतं. सकाळी कॅप्सुली देऊन मी आईला बजावलं, "तूप न्हाई, तेल न्हाई. कळलं?"

"व्हय की," म्हणाली.

दुपारी घरी येतो तर भाऊ घोंगडीवर आडवा. हाका मारल्या तर नुसता पुटपुटतोय, डोळे काही उघडत नाही.

"काय दिलंस त्याला?"

"काय न्हाई रं. औषद लय उष्ण, पोरगं उपाशी, म्हनून वाटीभर साय दिली, साखर घालून."

"आगं, तूप नको म्हणून घसा फोडून सांगितलं ना?"

"मग तूप कुटं दिलं?"

आता या बाईपुढं कपाळ बडवून घ्यावं की काय! मी पळत जाऊन डॉक्टरांना आणलं. कुशीवर निजवा, लक्ष ठेवा, दुसरा उपाय नाही, असं ते म्हणाले. दिवस मावळायला भावानं पाणी मागितलं, तेव्हा मला रडू फुटलं. आईही रडली, आणि मग माझ्यावरच उखडली.

"नुसता हुकूम सोडलास. का नको, ते सांगितलं असतंस तर पान्याबिगर काय दिलं असतं का मी?"

दवाखान्याच्या खिडकीतून रोज मी तेच ओरडायचो, तूप नको, तेल नको, चला पुढं. काहीजण दुसऱ्या डोसाला फिरकायचेच नाहीत. अडाणी लेकाचे, म्हणून मी त्यांना शिव्या घालायचो.

भाऊ पुढच्या भरतीत लागला. पण त्या न फिरकलेल्यांपैकी एकाच्याही घरी जाऊन, काय झालं, असं मी कधी विचारलं नव्हतं.