कावळ्याला दिलेला शब्द

माझा धाकटा भाऊ गेला, त्याच्या दहाव्याला सायखेड्याच्या घाटावर कावळा काही शिवेना. ऊन चढलं तरी पिंड तसाच. भटजी दर्भाचा कावळा करायला बसले. मी पुढं झालो, हात जोडले आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "पोरीची काळजी सोड. ती म्हणेल तिथपर्यंत मी शिकवतो." एवढं म्हणायचा अवकाश, कावळा खाली उतरला.

ती पोरगी, माझी पुतणी, आता स्टेजवर एकटी उभी राहून लोकांना हसवते. यावरच तिचं पोट. यंदा तिचा तासाभराचा कार्यक्रम मोबाईलवर आला. त्यात तो घाट आणि मी. म्हणते, "काकानं शब्द दिला, कावळा जेवून गेला. दहावी झाल्यावर काका म्हणाला, बास, आता स्थळं बघू. माझं जाऊ द्या हो, कावळासुद्धा फसला!" लोक खुर्चीवरून पडायचे बाकी.

पुढचं ती आईच्या जिवावर शिकली, हे खरंय. पण चव्हाट्यावर?

माझी सून तोंडाला पदर लावून हसत होती. म्हटलं, "हस. माहेरी पण दाखव."

"त्यांनीच पाठवलाय मला, मामा."

गल्लीत दोन तट पडले. निम्मे म्हणाले पोरगी खरं बोलली, निम्मे म्हणाले धर्माची टिंगल केली. दुसऱ्या दिवशी मंडळाचा अध्यक्ष सात-आठ जण घेऊन दारात. हातात पोलीस ठाण्यात द्यायचा अर्ज. मला वाचून दाखवायला लागला. मी चौथी शिकलोय. हिसकावून स्वतः वाचला. लिहिलं होतं, मुलीनं सगळा प्रसंग खोटा रचला, साक्षीदार तिचा चुलता.

"करा सही अण्णा. इज्जत तुमची गेलीय."

"खोटा कसा? कावळा शिवला तेव्हा तू होता का तिथं?"

"म्हणजे तुम्ही शब्द फिरवला?"

कुणापुढं मान खाली घालायची सवय नाय मला. "फिरवला," म्हटलं. "आता चालते व्हा."

जाता जाता एक जण बोललाच, "कावळ्याला सोडलं नाही, आपण कोण!"

संध्याकाळी पुतणीचा फोन. चोंबडेपणा सुनेचाच.

"काका, सही का नाही केली?"

"खोट्या कागदावर मी सही करत नाही. तुझ्यासाठी केली नाही असं समजू नको."

"मग हे पण सांगू का स्टेजवर?"

"सांग. जगाला सांगितलंस, माझ्या तोंडावर एकदा तरी बोललीस?"

"बोलले होते. निकालाच्या दिवशी. तुम्ही म्हणालात, पोरीच्या जातीनं उलट बोलू नये."

ते मला आठवत होतं. पण आठवतंय, असं तिला म्हणालो नाही. फोन ठेवला आणि सुनेला म्हटलं, वाढ जेवायला.