अर्ध्या मिलिमीटरचा सूड

मास्तर माणसाला चेहऱ्यावरून ओळखत नसे, जबड्यावरून ओळखे. दातांच्या दवाखान्याच्या मागच्या अंगाला, एक खिडकी आणि दीड टेबल कसंबसं मावेल अशा खोलीत बसून तो बावीस वर्षं कवळ्या करत होता. पुढे डॉक्टरबाई रोग्याच्या तोंडाचा ठसा घ्यायच्या, मागे मास्तर त्यात प्लास्टर ओतायचा, आणि घटकाभरात कुणाचा तरी पांढराफटक बोळका जबडा फळीवर जाऊन बसायचा. बाजारात एखादी म्हातारी समोरून आली की त्याच्या मनात यायचं, अरे, ही तर चपट्या हिरडीची. तिचं नाव-गाव ठाऊक नाही, पण घास कुठल्या बाजूने चावते ते छातीवर हात ठेवून सांगेल. आणि इतक्या वर्षांत त्याची एकही कवळी 'टोचते', 'लागते' म्हणून परत आली नव्हती. गडी बाकी कशात नाही, पण यात फुशारकी मारायचा. तीसुद्धा मनातल्या मनात.

स्वतःचे दात मात्र त्याने कधी कुणाला दाखवले नाहीत. वरचे चार असे पुढे आलेले की ओठ मिटला तरी चौकस शेजाऱ्यासारखे बाहेर डोकावायचे. हसू आलं की उजवा हात आपसूक तोंडापुढे जायचा. ही सवय शाळेतली. वर्गात एक होता, फुटबॉलच्या संघाचा कप्तान, अंगाने दांडगा आणि तोंडाने त्याहून दांडगा. त्याने पहिल्याच आठवड्यात मास्तरचं बारसं करून टाकलं: किसणी. नुसत्या नावावर भागलं असतं तर एक वेळ चाललं असतं. पण हा पठ्ठ्या मधल्या सुट्टीत डब्यातून गाजर काढायचा, सगळ्या वर्गादेखत मास्तरच्या तोंडासमोर धरायचा आणि म्हणायचा, "किस रे." मास्तर किसायचा. एकदा नाही म्हणून बघितलं होतं, त्या दिवशी गाजर नाकात गेलं. पुढची तीन वर्षं निमूट गाजर किसलं, आणि शाळा सुटल्यापासून आजतागायत गाजराला तोंड लावलं नाही.

तर अशा माणसाला पन्नाशीच्या उंबरठ्यावर ॲनिमेचा नाद लागला. लावला त्याच्या नववीतल्या लेकीने.

"घोडी झालीस आणि कार्टून कसली बघतेस?" तो एका संध्याकाळी तिच्या फोनमध्ये डोकावून म्हणाला.

"कार्टून नाही बाबा, ॲनिमे. जपानी असतं."

"माणसं काढलेलीच आहेत ना? खरी थोडीच आहेत?"

"तुझ्या कवळीतले दात तरी कुठे खरे असतात?"

 तो गुमान शेजारी बसला, आणि बसला तो बसलाच. फोनमध्ये एक काटकुळं पोरगं होतं. शाळेतले चौघे त्याला रोज बुकलायचे, त्याचं दप्तर डबक्यात टाकायचे. एके दिवशी ते पोरगं जिन्यावरून गडगडलं आणि डोळे उघडतं तो दोन चंद्रांच्या भलत्याच जगात. तिथे त्याच्या तळहातात अशी काही शक्ती आली, की हात वर करून बोलेल ते व्हायचं. 'राख' म्हटलं की समोरची आख्खी फौज राख.

भाग संपला. मास्तरने घसा खाकरला. "पुढचा लाव."

दहा-बारा दिवसांत त्याची अशी गत झाली, की दुपारी जेवताना डब्याला फोन टेकवलेला, आणि हात कामात असले तरी एक डोळा फोनवर. एकदा तर त्याने ओल्या प्लास्टरवर तळहात धरला आणि खर्जातल्या आवाजात म्हणाला, "गोठ." प्लास्टर गोठलं. ते दहा मिनिटांत तसंही गोठणारच होतं, पण मास्तरला बरं वाटलं. नेमक्या डॉक्टरबाई दारात.

"मास्तर, खांदा आखडलाय का?"

"होय बाई. जरासा."

लेक मात्र बापापेक्षा शहाणी. एकदा घरी ती म्हणाली, "खरं सांगू का बाबा? तो मार खातो ना पहिल्या भागात, तेवढंच खरं असतं. बाकी सगळं आपल्याला बरं वाटावं म्हणून."

"मग बघतेस कशाला?"

"बाकीच्यासाठीच बघते." आणि ती हसली. हसताना तिने तोंडावर हात धरला. दात तिने आईचे घेतले होते, मोत्याच्या सरीसारखे. हात तेवढा बापाचा उचलला होता. मास्तरला ते दिसलं, आणि त्याने पटकन फोनकडे मान वळवली.

मग एका सोमवारी डॉक्टरबाईंनी हाक मारली, "मास्तर, रंगांची पट्टी घेऊन या." रोग्याच्या वर्णाला दातांचा कुठला रंग शोभेल ते बघायचं असलं की एवढ्यापुरतंच त्याला पुढे बोलावणं यायचं. तो गेला, खुर्चीत वाकून बघितलं आणि पट्टी हातातून निसटता निसटता राहिली. खुर्चीत कप्तान. केस गेलेले, पोट सुटलेलं, हिरड्यांच्या आजाराने तोंडाचं पार बोळकं झालेलं. पण डोळे तेच, गाजर काढायच्या आधी चमकायचे ते. ते चमकलेच.

"अले, किहणी तू?" कप्तान म्हणाला. दाताशिवाय त्याला 'स' काही जमत नव्हता.

"तुमची ओळख आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"शाळेतली," मास्तर म्हणाला, आणि पट्टी कप्तानच्या ओठाला लावून बघू लागला. 

ही बातमी त्याने संध्याकाळी लेकीला सांगितली. गाजराची गोष्ट घरात आजवर कुणाला माहीत नव्हती. तीही सांगून टाकली. पोरगी उठून बसली.

"म्हणजे त्याचा जबडा तुझ्या टेबलावर आहे?"

"दोन्ही. वरचा आणि खालचा."

"बाबा, हा तुझा शेवटचा भाग आहे. राख कर त्याची."

मास्तरला राख येत नव्हती, पण अर्धा मिलिमीटर येत होता. कवळीतली एक दाढ बाकीच्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर उंच ठेवली, की दर घासाला ती आधी टेकते. दोन दिवसांत हिरडी सुजते, चार दिवसांत कानशील ठणकतं, पंधरा दिवसांत माणूस भिंतीवर डोकं आपटतो. वरून बघणाऱ्याला काही कळत नाही. बावीस वर्षं त्याने हा अर्धा मिलिमीटर लोकांच्या तोंडातून काढायचं काम केलं होतं. आता एकाच्या तोंडात घालायचा.

मेणात बसवलेले दात कप्तानच्या तोंडात घालून बघितले गेले, डॉक्टरबाईंनी पसंत केले, आणि कवळी पक्की करायला मागे आली. मास्तरने दार लोटलं, सुरी तापवली आणि डावीकडची दाढ मेणातून अलगद वर उचलली. इतकी अलगद की आईने झोपलेलं मूल उचलावं. मग कवळी साच्यात घालून शिजायला लावली. त्या संध्याकाळी घरी तो दोन घास जास्त जेवला.

दुसऱ्या दिवशी कवळी साच्यातून निघाली. आता घासून, चकाकी देऊन पुढे धाडायची. एरवी तो बिजागरीवर दोन्ही जबडे बसवायचा, मध्ये निळा कागद धरून चावा द्यायचा, आणि जिथे गडद डाग उठेल ती उंच जागा घासून काढायचा. या खेपेला तेवढं करायचं नव्हतं. नाही म्हणजे नाही. त्याने स्वतःला तीनदा बजावलं आणि फोन डब्याला टेकवला, कारण आजच तो भाग आला होता ज्यात काटकुळं पोरगं त्या चौघांना गाठतं.

भाग काय होता महाराजा. चौघे गुडघ्यावर, आभाळ लाल, पोरगं एकेकाकडे बघतंय आणि हात काही वर करत नाही. मास्तरची नजर फोनवरून हटेना. हात खाली आपले काम करत होते, घासत होते, फुंकर मारत होते. शेवटी पोराने तळहात उचलला, पडदा पांढरा झाला आणि भाग संपला. मास्तरने समाधानाने सुस्कारा सोडला, कवळी डबीत घातली आणि पुढे पाठवून दिली.

तासाभराने दारापलीकडून कप्तानचा आवाज आला. मास्तरने कान टवकारले. "चावा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "लागतंय कुठे?"

"छे. माझेच असल्यासारखे बसलेत."

मास्तरने आधी फोनकडे बघितलं, मग टेबलाकडे, मग स्वतःच्या हाताकडे. उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि बोटावर निळा रंग. टेबलावर चिमटीत धरून चुरगळलेला निळा कागद. बावीस वर्षांची सवय. डोळे दोन चंद्रांच्या जगात होते, आणि हातांनी इथे खाली नेहमीसारखा कागद लावला, डाग शोधला आणि दाढ घासून सपाट केली. मालकाला न विचारता. त्याला त्या हातावर थुंकावंसं वाटलं. फितूर लेकाचे.

"मास्तर, या, तुमचे मित्र बोलावतायत."

तो पुढे गेला. कप्तान हातात आरसा घेऊन दात बघत होता. तिसऱ्यांदा तोंड उघडलं आणि लख्ख, ठणठणीत, 'स' चा नुसता सडा घालत म्हणाला, "किसणी! मानलं तुला."

म्हणजे ज्याने हे नाव तोंडात घोळवलं, त्याला ते म्हणायला नवे दात आपणच करून द्यायचे. मास्तरच्या डोक्यात कुठलं तरी आभाळ लाल झालं. पण तो शांतपणे म्हणाला, "जरा काढून द्या. एक जागा बघतो."

कप्तानने दोन्ही कवळ्या काढून त्याच्या तळहातावर ठेवल्या. मास्तरने तळहात वर उचलला, उजेडाकडे, निरखल्यासारखा. खाली खुर्चीत कप्तान, तोंड पुन्हा पोटलीच्या गाठीसारखं आवळलेलं, वर बघत. "दे ना ले," तो म्हणाला. मास्तरने घाई केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कशाची घाई नव्हती.

"बोलण्याची परीक्षा राहिली," तो म्हणाला आणि दात परत दिले. "घाल. एकसष्टपासून म्हण."

डॉक्टरबाईंनी मान डोलावली. ही परीक्षा खरीच असते. साठच्या घरात 'स' भरपूर. कप्तान शाळकरी पोरासारखा खुर्चीत ताठ बसून म्हणू लागला, "एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट..." एकोणसत्तरपर्यंत गेला.

"आता माझं नाव. पूर्ण, बापाच्या नावासकट."

कप्तानचं तोंड उघडं राहिलं. नवेकोरे अठ्ठावीस दात, आणि एकाही दातामागे नाव नाही. "थांब हं... आडनाव माहितीये मला. हजेरीत माझ्यानंतर... काय रे तुझं नाव?"

मास्तर इतकी वर्षं ज्याच्याशी मनात भांडत होता, त्याला त्याचं साधं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. त्याने नाव सांगितलं. कप्तानने म्हटलं. "अजून एकदा, सावकाश," मास्तर म्हणाला. तिसऱ्या खेपेला कप्तान मध्येच थांबला आणि खाली बघत म्हणाला, "तुला गाजर आवडायचं नाही ना रे."

"नाही."

"मला तेव्हा वाटायचं, तू पण हसतोयस. हात असायचा तुझा तोंडावर."

 डॉक्टरबाई उगाच नळ सोडून हात धुऊ लागल्या. शेवटी कप्तानच म्हणाला, "पथ्य काय?"

"पंधरा दिवस कडक काही नको. गाजर तर नकोच."

"आणि पंधरा दिवसांनी?"

"किसून खा," मास्तर म्हणाला.

घरी लेक दारातच उभी होती. "केली राख?"

त्याने सगळं सांगितलं: निळा कागद, फितूर हात, एकसष्ट-बासष्ट. आधी तिने कपाळावर हात मारला. "बाबा, एवढी शक्ती मिळाली आणि तू त्याच्याकडून पाढे म्हणून घेतलेस?"

"पाढे नाही, आकडे. आणि माझं नाव. तीनदा."

"आणि तो म्हणाला?"

"न म्हणून करतो काय, दात माझ्याच हातचे होते."

ती हसायला लागली ती थांबेना. मास्तरलाही फुटलं. त्याचा उजवा हात सवयीने तोंडाकडे निघाला, अर्ध्या वाटेवर त्याला अंगठ्यावरचा निळा डाग दिसला, आणि तो तसाच हवेत थांबला; दोघंही त्या हाताकडे बघत हसत राहिले.

"आता काय म्हणणार आहेस?" लेकीने विचारलं. "हात वर केलायस म्हणून म्हटलं."

"पुढचा भाग लाव," मास्तर म्हणाला.